‘श्वास पूर्ण आत जातच नाही’

“श्वास घेते, पण तो पूर्ण आत जातच नाही. अर्ध्यात अडकतो. मग ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात आणि वाटतं, झालं, आता संपलं.” समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार थोड्याफार फरकाने वरचेवर ऐकू येते. या अनुभवातल्या बाई चौतिशीच्या, हिशेबाचं काम करणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत. दोनदा मध्यरात्री त्यांना आपत्कालीन विभागात नेलं होतं. ईसीजी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं नीट. ऑक्सिमीटरवर ९९. घाबरण्याचा प्रत्येक झटका कधी आला, किती मिनिटं टिकला, याची वहीत नोंद होती. “९९ आहे, तर मला हवा का पुरत नाही?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ‘काही नाही हो, टेन्शन आहे’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण मुंग्या खऱ्या असतात आणि आखडलेली बोटंही खरी असतात.

बाई बोलत असताना त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवलं होतं. मिनिटाला २४ श्वास, तेही तोंडाने. प्रत्येक वाक्याआधी खांदे वर जात होते आणि दहा मिनिटांत सात उसासे. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि एका श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर होते. बाईंचे श्वास संख्येनेही जास्त होते आणि मोठेही. म्हणजे हवा कमी पडत नव्हती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त खेळत होती. यालाच अतिश्वसन (हायपरव्हेंटिलेशन) म्हणतात.

भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि श्वास वाढवतं. माणूस खरंच पळाला तर स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि वाढलेला श्वास तो बाहेर टाकतो, हिशेब जुळतो. खुर्चीत बसल्या बसल्या मात्र जमा तेवढीच राहते आणि खर्च दुप्पट होतो. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब एरवी पाऱ्याच्या मापात ३५ ते ४५ मिलिमीटर असतो, तो घसरतो. रक्त अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं आणि नसा चटकन उत्तेजित होतात: ओठांभोवती नि बोटांत मुंग्या, पंजा आखडणं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, नजर धूसर होते, आजूबाजूचं सगळं खोटं भासतं. त्यात हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून ठेवतं. हा गुण क्रिश्चन बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०४मध्ये दाखवून दिला. तेव्हा ऑक्सिमीटरचा ९९ आणि हलकं झालेलं डोकं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. छातीतलं दुखणं बहुधा बरगड्यांमधल्या दमलेल्या स्नायूंचं, आणि ढेकर गिळलेल्या हवेचे.

मग श्वास ‘अडकतो’ तो कुठे? हे बसल्या जागी पाहता येतं. एक श्वास छाती भरून आत घ्या, तो न सोडता त्यावर आणखी एक घेऊन पाहा. दुसरा आत जात नाही, कारण जागाच नाही. घाबरलेला माणूस श्वास पुरता सोडत नाही आणि भरलेल्या छातीवर आणखी भरू पाहतो. अशा वेळी घरचे काळजीने म्हणतात, “अगं, मोठा श्वास घे!” बाईंचे यजमानही तेच सांगत. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते आगीत तेल ओतणं आहे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही करू नये. त्याने ऑक्सिजन घटतो, आणि आजार दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ते जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या भेटीत, डॉक्टरांनी संमती दिल्यावर, बाईंना बसून मुद्दाम भराभर, खोल श्वास घ्यायला सांगितलं. साठ-सत्तर सेकंदांतच त्या थबकल्या. बोटांकडे पाहत म्हणाल्या, “हेच ते! अगदी हेच.” पुढची चार मिनिटं श्वास हळू केला आणि मुंग्या ओसरल्या. जी गोष्ट आपण स्वतः सुरू करू शकतो आणि थांबवू शकतो, ती हृदयविकार नसते, हे त्यांना कळलं. तासभर समजावूनही इतकं कळलं नसतं. हा प्रयोग घरी एकट्याने करू नये. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर कुठेच करू नये.

सराव असा ठरला. पाठ टेकून बसायचं, एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. तोंड मिटलेलं. नाकाने ३ आकडे आत, ४ आकडे बाहेर, मग एक छोटा थांबा. आठवडाभराने ४ आत, ६ बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. वरचा हात जवळजवळ स्थिर, खालचा किंचित हलावा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, तेही मन शांत असताना. झटका आल्यावर पहिल्यांदा करून पाहणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

दुसऱ्या आठवड्यातच गाडी अडली. “४-६ केलं की जास्तच गरगरतं,” बाई म्हणाल्या. समोर करायला सांगितल्यावर कारण दिसलं. श्वास सावकाश होता, पण पिंपभर होता. हळू म्हणजे खोल, असं बहुतेकांना वाटतं. मग संख्या घटते आणि हवा तेवढीच राहते. सुधारणा सोपी होती: नाकाखाली आडवं बोट धरायचं आणि सोडलेली हवा त्याला जेमतेम जाणवेल इतकाच श्वास घ्यायचा. असं केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं हवा कमी पडल्यासारखी वाटते. बरेच दिवस कमी कार्बन डायऑक्साइडची सवय झालेलं शरीर नेहमीच्या पातळीलाही कुरकुरतं. ती कुरकुर सोसायची असते, तिथेच सराव चालू राहिला पाहिजे. पोट मुद्दाम ढकलून फुगवणं ही दुसरी चूक. त्याने नुसते स्नायू दुखतात.

उसाशांचं वेगळंच. अधूनमधून उसासा प्रत्येकाला येतो, पण मिनिटामिनिटाला आला तर दिवसभर कार्बन डायऑक्साइडची पातळी खाली राहते आणि मग झटक्याला किरकोळ निमित्तही पुरतं. उसासा किंवा जांभई येतेय असं वाटलं की एक आवंढा गिळायचा आणि नाकाने हलकेच सोडायचं. तरी आलाच, तर पुढचा श्वास घ्यायची घाई करायची नाही.

प्रत्यक्ष झटक्यात आधी श्वास सोडायचा. खांदे पाडून, कोपरं मांडीवर किंवा टेबलावर टेकून, आत आहे ते जाऊ द्यायचं. क्षणभर थांबून मग नाकाने छोटा श्वास. नाक चोंदलं असेल तर ओठांचा चंबू करून सोडावं. शक्य असल्यास सावकाश चालावं; स्नायू कार्बन डायऑक्साइडची जमा वाढवतात. मुंग्या लगेच जात नाहीत, काही मिनिटं लागतात. यजमानांना एवढंच सांगितलं की “शांत हो” म्हणायचं नाही, शेजारी बसून स्वतः हळू श्वास घेत “सोड… अजून सोड” म्हणायचं.

हे सगळं डॉक्टरांनी तपासल्यानंतरचं आहे. पहिल्यांदाच छातीत दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, श्रमाने दुखणं वाढलं, शुद्ध हरपली, ओठ निळे पडले, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, ताप आला किंवा शरीराची एकच बाजू बधिर झाली, तर श्वास मोजत बसू नये, दवाखाना गाठावा. मधुमेहाच्या गुंतागुंतीत आणि फुप्फुसात गुठळी झाल्यावरही श्वास वाढतो, आणि नुसतं पाहून फरक कळत नाही.

चौथ्या भेटीत नवी अडचण निघाली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चिवट असते. बाई आता आकडे मोजल्याशिवाय लिफ्टमध्ये पाऊल टाकत नव्हत्या. श्वास सांभाळला म्हणून वाचले, नाहीतर गेले असते, असा हिशेब मनात बसला होता. मग उलटा सराव दिला: लिफ्टमध्ये जायचं, मोजायचं नाही, मुंग्या आल्या तर येऊ द्यायच्या. पहिल्या खेपेला आल्या. तिसऱ्या खेपेला लिफ्टमधल्या कुणीतरी गप्पा सुरू केल्या आणि मुंग्या राहूनच गेल्या.

आठव्या भेटीत त्या सहज म्हणाल्या की गेल्या मंगळवारी कामावर बोटं झिणझिणली होती. किती वेळ, असं विचारलं. त्यांनी वही उघडली. मंगळवारची नोंद नव्हती.