क्रूझची केबिन चौघांची असेल, तर चौथं नाव आजच घाला

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे जाणार आहात. एजंट म्हणतोय, "केबिन चौघांचीच आहे, आत्ता तिघांचं करून टाका, आजींचा नवा पासपोर्ट आला की नाव घालू." अगदी हेच आम्हालाही ऐकवलं होतं, म्हणून तुमचे जेवणाचे आणि बाल्कनीचे प्रश्न मागे ठेवून आधी यावर लिहिते. व्हिसा, विमा वगैरे तुम्ही बघितलं असेलच असं धरते.

केबिनमध्ये चार बेड असले म्हणून तिथे चौघांना घेतीलच असं नाही. प्रत्येक केबिन जहाजावरच्या एका ठरावीक मस्टर स्टेशनला, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागेला जोडलेली असते आणि त्या जागेच्या वाट्याला ठरावीक लाइफबोटी असतात. सोफाबेड आणि छतातून खाली येणारे बंक बऱ्याच केबिनमध्ये असतात. ते सगळेच भरले तर त्या भागातली माणसं बोटीतल्या जागांपेक्षा जास्त होतील. म्हणून एखाद्या भागात पुरेशी तिसरी-चौथी माणसं बुक झाली की उरलेल्या केबिनमध्ये फक्त दोघांना किंवा तिघांना घेतात. बंक छतात तसाच राहतो, पण तो विकायला मनाई. तान्हं बाळसुद्धा इथे एक पूर्ण माणूस मोजलं जातं. शाळांच्या सुट्टीतल्या फेऱ्यांना हे लवकर होतं, कारण तेव्हा सगळीच कुटुंबं तिघा-चौघांची असतात.

जहाज कितीही मोठं असो, हे सुटत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एरवी एका लाइफबोटीत जास्तीत जास्त १५० माणसं. 'ओॲसिस ऑफ द सीज' या महाकाय जहाजावर खास परवानगीने ३७० जणांच्या १८ बोटी आहेत, पण तिथेही हिशोब माणशीच होतो.

आमच्या बुकिंग ऑफिसला यातलं काही माहीत नव्हतं, किंवा होतं आणि सांगायचं नव्हतं. आमच्यातलं चौथं माणूस म्हणजे माझी आई, तिचं नाव घालायला फोन केला तर "सिस्टीम स्लो आहे", मग "वरून अप्रूव्हल यायचंय", मग "मॅडम रजेवर आहेत". ज्यांनी बुकिंग केलं ते फोन उचलेनात आणि जे उचलत त्यांना फाइल सापडेना. हे चालू असताना पूर्ण पैसे भरायची तारीख उलटून गेली. त्यानंतर बुकिंग रद्द करायचं तर दंड बसतो. सगळ्यात कळस म्हणजे तिथल्या एका महाशयांनी सल्ला दिला, "जहाजावर चढल्यावर रिसेप्शनला सांगा, ते एक्स्ट्रा बेड टाकून देतील." अहो, प्रवाशांच्या यादीत नाव नसेल तर बंदराच्या दारातून तरी आत सोडतील का? हे काय लग्नाचं कार्यालय आहे, गादी टाकली की झालं?

शेवटी आईसाठी वेगळी केबिन घ्यावी लागली, तीही दुसऱ्या डेकवर. एकटं माणूस केबिन घेतं तेव्हा भाडं बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचंच लागतं. ऑफिसची शेवटची ईमेल: 'उपलब्धतेनुसार असं आम्ही सांगितलं होतं.' सांगितलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही काय करावं? सासूबाईंचं नाव आजच घाला. बुकिंगच्या वेळी साधारणपणे नाव आणि जन्मतारीख पुरते, पासपोर्ट नंबर ऑनलाइन चेक-इनच्या वेळी भरता येतो. नाव मात्र नव्या पासपोर्टवर जसं येणार, अक्षरन् अक्षर तसंच. त्यांचं येणं रद्द झालं तर पूर्ण पैसे भरायच्या तारखेआधी एक माणूस कमी करणं, नंतर वाढवण्यापेक्षा कितीतरी सोपं. कंपनीप्रमाणे अटी बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, लेखी विचारा. "बघू, होऊन जाईल" हे लेखी उत्तर नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर चौघांनी एका केबिनमध्ये राहूच नये. संध्याकाळी केबिन अटेंडंट येऊन बंक खाली घेतो, शिडी लावतो, सोफा उघडतो आणि मग बाथरूमपर्यंत जायला आडवं होऊन सरकावं लागतं. रात्री दोनदा उठणाऱ्या आजींना ती शिडी अंधारात हमखास लागते. परवडत असेल तर मधलं दार असलेल्या दोन केबिन घ्या. विचारताना 'कनेक्टिंग' म्हणा, 'शेजारी-शेजारी' नको. शेजारी म्हटलं की मध्ये सलग भिंत मिळते आणि ऑफिसवाले म्हणतात तुम्हीच मागितलं होतं. (बोट लागणाऱ्यांसाठी खालचा डेक आणि जहाजाचा मधला भाग. तिथे हलणं सगळ्यात कमी.)

बाकीचं भराभर. मुलगा पाच वर्षांचा आहे, म्हणजे किड्स क्लबची चिंता नाही. साधारण तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, ही अट बहुतेक ठिकाणी असते. नोंदणी पहिल्याच दुपारी उरका, दुसऱ्या दिवशी तिथे रांग असते. मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत येत राहतात, म्हणून पोहण्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत. टिप्स रोज माणशी खात्यावर चढतात, अनेक कंपन्यांत मुलांच्याही. त्या बजेटमध्ये धरा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं रोमिंग बिल बघून बोट लागल्यासारखं होईल.

गर्दीबद्दल विचारलंत. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब, २० डेकचं आणि भरलं तर साडेसात हजारांच्या वर प्रवासी, त्यामुळे गर्दी असतेच. पण ती लिफ्टपाशी, पूलच्या खुर्च्यांपाशी आणि बंदर नसलेल्या दिवशी सकाळी बुफेत. त्या दिवशी नाश्ता मुख्य डायनिंग रूममध्ये बसून करा, तोही भाड्यातच असतो. बुफेत शिरताना सॅनिटायझरवर भागवू नका, साबणाने हात धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

सुरक्षेची ड्रिल टाळू नका, टाळताही येत नाही. जानेवारी २०१२ मध्ये 'कोस्टा कॉनकॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आदळून कलंडली, ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं सक्तीचं आहे. मुलांच्या मनगटावर मस्टर स्टेशनचा पट्टा बांधतात. तो खाजतो म्हणून मुलगा काढून टाकेल, काढू देऊ नका.

बाल्कनीचं म्हणाल तर पाच वर्षांचं मूल चढेल अशी खुर्ची कठड्याजवळ ठेवू नका आणि दाराची वरची कडी लावलेली असू द्या. आजी दुपारी तिथेच बसणार असतील तर पैसे वसूल, नाहीतर खिडकीवाली केबिन घेऊन उरलेल्या पैशांत ते मधलं दार मिळतंय का बघा.