लीलाचं लग्न, हॅरल्ड पीअरीचं हसू आणि माझा गाढवपणा

तुमचा प्रश्न वाचला आणि मला आठ वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी आठवली. तुम्ही लिहिलंय, की 'द ग्रेट गिल्डरस्लीव्ह' या जुन्या अमेरिकन रेडिओ मालिकेचे साडेचारशे भाग कुणीतरी पेनड्राइव्हवर दिले, ते अकारविल्हे लागलेत आणि ऐकताना काहीच्या काही होतंय. लीला एका भागात गिल्डरस्लीव्हशी लग्नाला उभी, पुढच्या भागात दोघांची नुकतीच ओळख होतेय. भाची मार्जरीचा आवाज तीन तऱ्हांचा. काही भागांत तर खुद्द गिल्डरस्लीव्हच कुणी दुसरा वाटतो. फाइली खराब आहेत का?

फाइली ठणठणीत आहेत, क्रम गेलाय. तुम्ही अजून काही पुसलं नसेल तर नशीबवान आहात. मी पुसलं होतं.

आधी थोडं मालिकेबद्दल. (मी काही तज्ज्ञ नाही, नुसता ऐकणारा. तारखांत एखादी चूक निघाली तर जाणकारांनी कान धरावा.) त्या काळच्या रेडिओवर विनोदी मालिकांचे ढोबळ दोन वाडे. एक 'एमॉस अँड अँडी'सारख्यांचा. १९२८ पासून शिकागोहून पंधरा-पंधरा मिनिटं, गोष्ट कालच्या जागेवरून पुढे. दुसरा 'फिबर मॅक्गी अँड मॉली'सारख्यांचा. आठवड्याला अर्धा तास, आणि दर आठवड्याला पाटी कोरी. मागच्या भागात घराची कितीही वाट लागलेली असो, या मंगळवारी सगळं जागच्या जागी.

गिल्डरस्लीव्ह याच फिबरचा भांडखोर शेजारी होता. ३१ ऑगस्ट १९४१ ला त्याला स्वतःची मालिका मिळाली आणि तो समरफील्ड गावी आला, अनाथ भाचा-भाचीचा पालक म्हणून. जुन्या मालिकेत त्याला बायको असल्याचे उल्लेख होते, ती वाटेतच गळाली. बायकांचे कंबरपट्टे बनवायचा कारखाना होता, तोही मागे पडला आणि पुढच्या वर्षी हे महाशय गावच्या पाणीखात्याचे साहेब झाले. गंमत इथून सुरू होते. दर भाग सुटा ऐकला तरी चालतो, विनोद कळतो, पण खालून एक धागा महिनोन्‌महिने चालू असतो. जॉन व्हीडन आणि सॅम मूर ही लेखकजोडी आल्यावर तर तो धागा चांगलाच घट्ट झाला.

शेजारी राहणारी, अमेरिकेच्या दक्षिणेकडची विधवा लीला रॅन्सम हा त्यातला सगळ्यात मोठा धागा. १९४२-४३ च्या अख्ख्या हंगामात तिचं आणि गिल्डीचं जमत जातं. तेव्हा हंगाम जूनमध्ये संपायचा, उन्हाळ्यात सुट्टी, मग पुन्हा सुरू. त्यामुळे मोठा दणका जूनसाठी राखलेला. जून १९४३ मध्ये लग्न ठरलेलं, पाहुणे जमलेले... पुढचं सांगत नाही, कारण ते मला आधीच कळलं आणि त्याला जबाबदार मीच.

झालं असं. माझे मामा, डोंबिवलीचे, रेल्वेत गार्ड होते. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेले. टीव्ही नुसता ऐकायला त्यांना आवडेना. "जे दिसायला हवं तेच सांगत नाहीत रे ते," म्हणायचे. इंग्रजी उत्तम, आयुष्यभर रेडिओचा नाद. म्हटलं, यांना जुने रेडिओ कार्यक्रम भरून देऊ. साडेपाचशेच्या आसपास भाग जमवले. प्रत्येक फाइलचं नाव आधी तारीख, मग भागाचं नाव, असं लांबलचक. मामांच्या बटणांच्या छोट्या प्लेअरवर पडद्यावर फक्त तारीख दिसायची, नाव कापलं जायचं. मामी वाचून दाखवणार, तर तिला नुसते आकडे दिसणार. मी शहाणा! नावं एका फटक्यात बदलणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि सगळ्या तारखा उडवल्या. फाइलच्या आतली माहितीही 'स्वच्छ' केली. मग एकाच नावाच्या दोन-दोन, तीन-तीन फाइली दिसल्या, त्या 'डुप्लिकेट' म्हणून पुसल्या. आणि मामांना कंटाळा नको म्हणून प्रायोजकाच्या पार्के मार्जरीनच्या (म्हणजे कृत्रिम लोण्याच्या) जाहिराती कापल्या. दोन रविवार खपून. मूळ डिस्क फॉरमॅट करून त्यावर लग्नाचे फोटो टाकायला घेतले.

यात किती गाढवपणे झाले ते नंतर कळलं. सगळ्यात महाग पडला तो डुप्लिकेटचा. त्या काळी या मालिकेच्या भागांना प्रसारणात नाव नसायचंच. निवेदक काही "आज ऐका अमुक भाग" म्हणत नाही. जी नावं आपल्याला दिसतात ती बहुतेक नंतरच्या संग्राहकांनी ठेवलेली. त्यामुळे एकाच भागाला दोन नावं असतात आणि एकाच नावाचे वेगवेगळ्या वर्षांचे भागही असतात. नाताळचा भाग तर दरवर्षी. मी पाच नाताळांपैकी चार पुसले, कारण नाव एकच होतं!

दहाव्या दिवशी मामांचा फोन. "अरे, ही तुमची लीलावती," (लीलाला ते पहिल्या दिवसापासून लीलावतीच म्हणत) "हिचा नवरा वारला होता ना? मग काल हा कोण टपकला? आणि आज ही पुन्हा विधवा कशी?" नवरा जिवंत परततो हा जून १९४३ चा धक्का. (हे घ्या, सांगूनच टाकलं. माफ करा.) तो मामांना लीला गावात राहायला येण्याच्या आधीच मिळाला होता. नऊ महिने रचलेला प्रसंग मी नावाच्या पहिल्या अक्षरावरून उधळला.

मग मी धावतपळत डिस्क घेऊन एका डेटा परत मिळवून देणाऱ्या ठिकाणी गेलो. नाव घेत नाही, घेऊन काही मिळायचं नाही. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काय आहे डिस्कवर, ऑफिसचं काम?" म्हटलं, १९४० च्या सालातले विनोदी कार्यक्रम. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच चुकीच्या खिडकीशी उभा आहे. साडेसहा हजार आगाऊ. तीन आठवडे "इंजिनिअर बघतायत." मी चारदा फेरी मारली, दर वेळी नवा माणूस, दर वेळी तक्रार पहिल्यापासून सांगायची. शेवटी डिस्क हातात आली. फाइली खरंच परत आल्या होत्या, सगळ्या, पण नावं: फाइल ०००१, फाइल ०००२, फाइल ०००३... अधूनमधून कुणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ. मी म्हटलं, अहो, मला फाइली नकोत, तारखा हव्यात. "नाव वेगळ्या ठिकाणी असतं सर, ते फॉरमॅटमध्ये गेलं. ध्वनी आला ना?" तांत्रिकदृष्ट्या त्याचं खरं होतं. पण हे पैसे घेण्याआधी सांगता आलं नसतं? पावतीमागे बारीक अक्षरात अटी होत्या म्हणे. असो. रक्तदाब वाढतो.

तर क्रम शेवटी मामांनी लावला. आंधळ्या माणसाने, कानाने. ती पद्धत तुमच्या उपयोगाची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चाळणी हसण्याची. हॅरल्ड पीअरी या नटाचा गिल्डरस्लीव्ह पकडला गेला की घशातून एक उतरतं, ओशाळलेलं हसू हसतो, घरंगळत खाली येणारं. मामांनी एक फाइल ऐकली आणि मला हाक मारली, "हा माणूस तो नाही." मी म्हटलं, मामा, तोच आहे, आवाज तोच. "आवाज तोच. पण आत्ता जज्जाने त्याला खोटं बोलताना पकडला आणि हा हसला नाही." मी शोधलं तर खरंच. १९५० मध्ये पीअरी दुसऱ्या वाहिनीवर गेला, पण गिल्डरस्लीव्ह हे पात्र त्याच्या मालकीचं नव्हतं, ते प्रायोजक क्राफ्ट कंपनीचं. ते एनबीसीवरच राहिलं आणि त्या शरद ऋतूपासून विलर्ड वॉटरमनने ते केलं. आवाज इतका जवळचा की डोळसांना फरक कळत नाही. पण ते हसू पीअरीचं आहे म्हणून वॉटरमनने ते उचललं नाही. या एका गोष्टीसाठी मला तो माणूस फार आवडतो. मामा म्हणाले, "आपल्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी बदलले असते तर आकाशवाणीवर मोर्चा गेला असता." बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी, त्या श्रुतिकेतले हे तिघे त्यांच्यासाठी घरचेच.

दुसरी चाळणी मार्जरीची. तिला तीन अभिनेत्री झाल्या: आधी लुरीन टटल, १९४४ च्या सुमाराला लुईस एरिकसन, १९४८ च्या सुमारापासून मेरी ली रॉब. तुम्हाला ऐकू येणारे तीन आवाज हेच. मार्जरी मालिकेत खरोखर मोठी होते: १९५० मध्ये ब्रॉन्कोशी लग्न करते, पुढे जुळी होतात. म्हणजे ब्रॉन्को ऐकू आला, पण पीअरीचं हसू आहे, तर भाग लग्नाच्या आगेमागचा. ब्रॉन्को आहे आणि हसू नाही, तर नंतरचा. आणि त्याच घरात तिचा धाकटा भाऊ लीरॉय वर्षानुवर्षं शाळकरीच! तो करणारा वॉल्टर टेटली १९१५ चा जन्मलेला, म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हाच सव्वीस वर्षांचा बाप्या, पण आवाज पोराचाच राहिला. एका छपराखाली दोन घड्याळं. लीरॉयवरून तारीख काढायला जाऊ नका, मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

तिसरी चाळणी गोष्टीची. लीला, मग शाळेची मुख्याध्यापिका ईव्ह गुडविन, १९४४ ची महापौरपदाची निवडणूक (निकाल या वेळी खरंच सांगत नाही), १९४८ च्या सुमाराला गाडीत सापडलेल्या तान्ह्या बाळाचे भाग. हे गठ्ठे आधी बांधा, सुटे भाग नंतर.

चौथी चाळणी जाहिराती आणि सूचना. हीच मी कात्रीने उडवलेली. युद्धातले कार्यक्रम लगेच ओळखू येतात: युद्धाचे रोखे घ्या, स्वयंपाकातली उरलेली चरबी फेकू नका, खाटकाकडे द्या. दुकानातून परत आलेल्या बेनामी फाइलींत या जाहिराती शाबूत होत्या म्हणून आमचं निभावलं. साडेसहा हजारांतलं तेवढंच वसूल.

मामी जुन्या कालनिर्णयाच्या पानांमागे लिहायची: हसू आहे/नाही, मार्जरी एक/दोन/तीन, लीला गावात/गावाबाहेर. अडीच महिने लागले. मला वाटलं होतं मामा वैतागतील. ते रोज सकाळी आंघोळ करून ड्यूटीवर बसल्यासारखे बसायचे.

आता माझी मतं, पटली तर घ्या. १९४१ च्या पहिल्या भागापासून सुरुवात करू नका. सुरुवातीचा गिल्डी नुसता आरडाओरडा करतो, माणूस १९४२ च्या शरदात होतो. वॉटरमनचे भाग कमअस्सल म्हणून टाकणारे लोक भेटतील, त्यांनी मन लावून ऐकलेलं नसतं. मला मात्र १९४३-४४ पेक्षा चांगलं काही वाटत नाही. स्वयंपाकीण बर्डीचं पात्र काही जागी खटकेल, तो काळच तसा. पण ते लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केलंय आणि पुष्कळदा घरातली सगळ्यात शहाणी तीच असते. 'फिबर'मधली ब्यूला ही मोलकरीण तर मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष करायचा! आणि वेग वाढवून ऐकू नका. औषधवाला पीव्ही "वेल नाऊ, आय वुडन्ट से दॅट" म्हणण्याआधी जो थांबतो, तिथेच सगळं आहे.

'फिबर'ही घेतलात तर तिथे फिबरची बायको मॉली मध्येच गायब होईल. ती करणारी मॅरियन जॉर्डन आजारी होती, नोव्हेंबर १९३७ ते एप्रिल १९३९. युद्धात बिल थॉम्पसन नौदलात गेला तेव्हा तर त्याच्याबरोबर चार पात्रं एकदम गेली, कारण चौघांचा आवाज तो एकटाच. फाइली तिथेही खराब नाहीत.

तुमच्या पोस्टमधल्या फोटोत 'ख्रिसमस पार्टी' नावाच्या दोन फाइली दिसतायत, एक २७ मिनिटांची, एक २९. त्यातली एकही पुसू नका. दोन्हींत मार्जरी कोणती आणि हसू आहे का, एवढं ऐकून इथे लिहा. आमच्याकडे अजून सदुसष्ट भाग गठ्ठ्याबाहेर आहेत आणि मामा म्हणतायत त्यातला एक नाताळ जुळण्यासारखा आहे.