पेटिपॉगवरील छापा : शिरणे सोपे, परतणे अवघड

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १८१२ च्या युद्धात, एप्रिल १८१४ मध्ये, अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील पेटिपॉग (आजचे एसेक्स) या बंदरात ब्रिटिश नौसैनिकांनी २७ जहाजे जाळली, तरी गावकऱ्यांनी प्रतिकार कसा केला नाही, असे आपण विचारले आहे. प्रतिकार झालाच नाही, हे पूर्णपणे खरे नाही. छाप्याचे नेतृत्व करणारे ब्रिटिश अधिकारी कॅप्टन रिचर्ड कूट यांच्या अहवालानुसार गावात चार पौंडी गोळ्याची एक तोफ होती आणि धक्क्यावर मिलिशियाही (स्थानिक नागरिकांची सशस्त्र तुकडी) जमली होती. परंतु ब्रिटिश होड्यांवरील तोफा आणि मरीन (नौदलाच्या) सैनिकांच्या बंदुका एकदमच धडाडल्यावर किनाऱ्यावरचा मारा थांबला. त्यानंतर, आपल्यावर गोळी झाडली नाही तर घरांना हात लावणार नाही, अशी ग्वाही कूट यांनी दिली. ज्यांची उपजीविकाच त्या धक्क्यावर अवलंबून होती, त्यांनी अशा वेळी घरे वाचवली, याला मी तरी भ्याडपणा म्हणणार नाही.

लक्ष्य हेच गाव का, याचे उत्तर सरळ आहे. येथे जहाजबांधणी होत असे आणि शत्रूची व्यापारी जहाजे लुटण्याचा सरकारी परवाना घेतलेली खासगी लढाऊ जहाजेही येथे सज्ज होत होती. नाकेबंदी करणाऱ्या ब्रिटिशांना ती समुद्रात उतरण्यापूर्वीच नष्ट करायची होती.

७ एप्रिलच्या रात्री १३६ ब्रिटिश माणसे सहा होड्यांतून कनेटिकट नदीतून वर निघाली. नदीमुखावरील सेब्रुकचा किल्ला रिकामाच होता. प्रवाह आणि वारा दोन्ही विरुद्ध असल्यामुळे जेमतेम सहा मैल वल्हवण्यात पहाटेचे साडेतीन वाजले.

माझ्या मते खरी कसोटी येथून पुढे होती. सकाळी ते पकडलेली दोन शिडाची जहाजे, एक ब्रिग आणि 'ईगल' ही स्कूनर, सोबत घेऊन निघाले. ब्रिग वाटेत गाळात रुतली, म्हणून ती तेथेच पेटवून द्यावी लागली. दिवसाउजेडी खाली उतरावे, तर दोन्ही काठांवर मिलिशिया गोळा होत होती. म्हणून ते नदीतच थांबले, शरण येण्याचा अमेरिकनांचा निरोप त्यांनी फेटाळला, अंधार पडताच स्कूनरलाही आग लावली आणि काठांवरून होणाऱ्या माऱ्यातून होड्या मुखाकडे सोडल्या. संपूर्ण मोहिमेत त्यांचे दोन जण मारले गेले आणि दोन जखमी झाले. काठांवर मिलिशिया मोठ्या संख्येने आली खरी, पण जहाजे जळून गेल्यावर.