वहीच्या मागच्या पानांवरचा टेकू

प्रश्न: मुलगा अकरावी सायन्सला आहे. फिजिक्सच्या वहीची मागची पानं रेघोट्यांनी भरतो. केळीला टेकू कसा लावायचा, त्याचीच दहा चित्रं! इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेला 'सी' ग्रेड, म्हणजे चित्रकलेतही काही नाही. रागात मी ती पानं फाडली. त्याला मेकॅनिकलला घालायचंय. ही सवय कशी मोडावी?
– एक वडील, यावल तालुका

उत्तर: भाऊ, सवयीचं नंतर बोलू. तुम्ही पानं फाडलीत, ते मला जास्त लागलं. वीस-पंचवीस किलोचा घड आणि मे-जूनचं वारं, यात झाड कोलमडू नये म्हणून पोरगा डोकं लावत होता. काम तुमच्याच बागेचं होतं. आता पुढची कल्पना तो तुम्हाला दाखवेल का?

'सी' ग्रेडचा इथे संबंधच नाही. त्या परीक्षेत रंग, सफाई, मांडणी बघतात. उपाय शोधायला काढलेलं चित्र घाईचं, वाकडंतिकडं असलं तरी चालतं, किंबहुना तसंच बरं. बांबू कुठे घसरेल, दोरी खोडाला कुठे काचेल, हे सगळं एकदम डोक्यात धरता येत नाही. कागदावर ते दिसतं. पहिलंच चित्र पट्टी-खोडरबर घेऊन घोटत बसलं, की त्याच कल्पनेवर जीव जडतो आणि दुसरी सुचत नाही.

त्याला कोरे ए-फोर कागद आणि बॉलपेन द्या. कागद तीनदा दुमडला की आठ चौकोन होतात. एका चौकोनाला एक मिनिट, एक कल्पना. पहिल्या तीन-चार माहितीतल्याच येतील. तिथे थांबायचं नाही, नवं बहुधा त्यापुढे निघतं. एक रात्र जाऊ द्यावी. मग दोन निवडून समोरून, बाजूने आणि वरून काढाव्यात. शेजारी माणूस काढला की उंचीचा अंदाज येतो. ओढ बसते तिथे बाण. नंतर काड्या-सुतळीचा वीतभर नमुना बांधून हलवावा. जिथे सुटेल ते पुन्हा कागदावर, तारीख टाकून.

मेकॅनिकलला सीईटी, जेईई आहेच. डिझाइनला यूसीड ही आयआयटीची प्रवेश परीक्षा आणि एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा. डिझाइनच्या या दोन्ही कुठल्याही शाखेच्या बारावीला खुल्या. पण शाखा आज ठरवू नका. 'घालायचंय' हा शब्दच मला पटला नाही. त्याला विचारलंत का?

फाडलेली पानं घरात असतील तर चिकटवून परत द्या. मग त्याला बागेत न्या आणि यातला कुठला टेकू आधी लावून बघायचा, ते त्याला ठरवू द्या.