वाचकांचे प्रश्न : ‘नीप’ म्हणजे भांग

प्रश्न : भरती-ओहोटीच्या इंग्रजी तक्त्यात ‘नीप’ असा शब्द येतो. तो आला कुठून? आपल्या ‘निपचित’शी काही नाते? आणि होडी ‘नीप्ड’ झाली म्हणजे काय झाले? (गुहागर)

उत्तर : निपचित पडलेला समुद्र ही कल्पना झकास आहे, पण नाते नाही. एन-ई-ए-पी असे लिहिला जाणारा हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘नेपफ्लोड’ या जोडशब्दात सापडतो. त्यातला ‘फ्लोड’ म्हणजे भरती. ‘नेप’चे मूळ कोशकारांनाही लागलेले नाही. स्कॉटलंडात सलगमाला ‘नीप’ म्हणतात ते लॅटिन ‘नापुस’वरून, त्याचा इथे संबंध नाही.

अर्थ मात्र आपल्या किनाऱ्यावर रोज वापरतात तोच. नीप टाइड म्हणजे भांगाची भरती, पंधरवड्यातली सर्वांत कमी चढणारी. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात येतात. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, आणि तो उलट बाजूने लागतो. त्यामुळे मुंबईला उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, भरती-ओहोटीत सरासरी साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो, तो भांगात दीड मीटरच्या आसपास येतो. दोन्हींचा कळस तिथीच्या दिवशी नव्हे, एक-दोन दिवसांनी गाठला जातो. भांगात ओढ मंद, म्हणून डोल या प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचे तोंड नीट फुगत नाही. खडकही पुरते उघडे पडत नाहीत, खडकावरची कालवे (शिंपले) काढणाऱ्यांची पंचाईत. उधाणाला इंग्रजीत ‘स्प्रिंग टाइड’ म्हणतात. त्यात वसंत ऋतू नाही, ‘उसळणे’ आहे. ती वर्षभर दर पंधरवड्याला येते.

‘नीप्ड’ होडी म्हणजे उधाणाच्या ऐन भरतीला वाळूवर चढून अडकलेली. पुढची प्रत्येक भरती तिच्यापासून थोडी थोडी खालीच राहते, म्हणजे पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरा दिवस मुक्काम. मार्च किंवा सप्टेंबरातल्या मोठ्या उधाणात अडकली तर पुढचे उधाणही अपुरे पडू शकते. म्हणून खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा चढत्या पाण्यात ओलांडावा. टेकलीच तर वाढते पाणी उचलते. पावसाळ्यासाठी होडी मुद्दाम वर घ्यायची असेल तेव्हा मात्र हेच उधाण कामाला येते.

प्रश्न : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, असे ऐकले. घड्याळाशी जुळत नाही. (मालवण)

उत्तर : चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, दोन्ही पक्षांत सारखेच. पण हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला ती लवकर लागते. शिवाय रोजचा पाऊण तास उशीर ही सरासरी आहे. उधाणात भरती रोज त्याहून कमी मागे पडते, भांगात तासाहूनही जास्त. खाडीत आत जावे तसतसा उशीर वाढतो. होडी काढायची असेल तर जवळच्या बंदराचा तक्ताच घ्या. त्यातले आकडे समुद्रसपाटीपासून नसतात, नकाशाच्या शून्य पातळीपासून असतात. नकाशातल्या खोलीत ते मिळवले की त्या वेळचे पाणी कळते.