श्लागिंटवाइट: मधला 'ट' कुणाचा?

प्रश्न असा आहे: 1854 ते 1857 या काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर हिंदुस्थान आणि हिमालय पालथा घालणारे जे जर्मन बंधू, त्यांच्या आडनावाचा अर्थ काय, आणि हे आडनाव जर्मनीतही इतकं विरळ का?

आधी उच्चार, कारण मराठी लेखांत तो सतत बिघडलेला दिसतो. 'स्लॅगिंटवीट', 'श्लाजिंटवेट', 'स्क्लॅगिनवेट' ही सगळी रूपं जर्मन अक्षरं इंग्रजी डोळ्यांनी वाचल्यामुळे आली आहेत. हे भाऊ म्यूनिकचे, वडील योझेफ तिथले नेत्रवैद्य. नाव जर्मन, तेव्हा वाचायचंही जर्मन पद्धतीनेच. आरंभी 'श्लोक'मधला श्ल, त्यावर दीर्घ आ. पुढचा ग हा गच, तो कधीही ज होत नाही. डब्ल्यू म्हणजे व, आणि ई-आय ही जोडी म्हणजे 'आय'. श्लागिंटवाइट. देवनागरीत हे नाव रोमन लिपीपेक्षा जास्त नेमकं उतरतं, मग ते बिघडवायचं कशाला?

आता फोड. 'श्लागिंट' असा एक तुकडा आणि 'वाइट' दुसरा, अशी फोड करून 'लांब मारणारा' असा अर्थ सांगितलेला आढळतो. ही फोड साफ चूक आहे. तुकडे चार आहेत: श्लाग, इन, ट, वाइट. म्हणजे हे एक अख्खं वाक्य आहे. जर्मनमध्ये अशा आडनावांना 'झात्सनामे', वाक्यनाम, म्हणतात, आणि त्यांचं मोठं पीक तेराव्या-चौदाव्या शतकापासून येतं. ग्रिम बंधूंना गोष्टी सांगणाऱ्या कासेलच्या बहिणींचं आडनाव हासेनप्फ्लूग, म्हणजे 'नांगराचा द्वेष कर'. हांबुर्गला मारला गेलेला समुद्री चाचा श्ट्योर्टेबेकर, म्हणजे 'पेला उपडा कर', एका दमात रिकामा. चौदाव्या शतकातला भाट-कवी पेटर झूखेनविर्ट, म्हणजे 'यजमान शोध'. मराठीत वाघमारे आणि डोईफोडे ही याच जातीची नावं, फक्त आपल्याकडे कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. जर्मनमध्ये क्रियापद आघाडीला येतं आणि उरलेलं वाक्य त्याच्या मागे चिकटतं.

क्रियापद श्लागन, म्हणजे मारणे, हाणणे. इन म्हणजे आत, मध्ये. वाइट हे 'वाइटे'चं, म्हणजे विस्ताराचं, दूरच्या मोकळ्या अवकाशाचं बव्हेरियन रूप, म्हणजे म्यूनिकच्या मुलखातल्या बोलीतलं. तिकडच्या बोलीत शेवटचा ए गळतो. राहिला ट. या नावातलं खरं रत्न तोच आहे.

ट म्हणजे उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द. जर्मन नामाला लिंगानुसार उपपद लागतं आणि विभक्तीनुसार ते बदलतं. 'वाइटे' स्त्रीलिंगी, म्हणून द्वितीयेत 'डी'. बव्हेरियन बोलीत 'डी' आखडून नुसता 'ड' होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो: 'इन ड वाइट'. लिहिताना त्या ड चा ट झाला. आता तीन नावं शेजारी ठेवा. श्लागिनहाउफेन: 'घोळक्यात हाण'. हाउफेन पुल्लिंगी, उपपद 'डेन'. ते 'इन'च्या न मध्ये पूर्ण विरघळलं, मागमूसही उरला नाही. लूथरचं जेवणाच्या मेजावरचं बोलणं टिपून ठेवणाऱ्या योहानेस श्लागिनहाउफेनचं हे आडनाव. स्प्रिंगिन्सफेल्ड: 'शेतात उडी मार', उनाड पोराला आजही असं म्हणतात. फेल्ड नपुंसकलिंगी, उपपद 'डास'. 'इन डास'चं 'इन्स' झालं आणि स उरला. श्लागिंटवाइट: स्त्रीलिंगी, ट उरला. तीन लिंगं, तीन वेगळ्या खुणा. जर्मन शिकणारे विद्यार्थी उपपदांचे तक्ते घोकत बसतात. तोच तक्ता तीन आडनावांत गोठून राहिलेला आहे.

काही जण हा ट उत्तर जर्मन बोलीतल्या 'इन्ट'शी जोडतात, म्हणजे नपुंसकलिंगी 'इन डाट'शी. ते टिकत नाही. नाव बव्हेरियन आहे, आणि बव्हेरियात नपुंसकलिंगाचं 'इन्स'च होतं. बोलीचा भूगोल बाजूला ठेवून आडनाव सोडवायला बसलं की असले घोटाळे होतात. शिवाय विभक्तीही द्वितीया आहे. चतुर्थी असती तर 'इन डेर' आलं असतं आणि नावात र शिरला असता. द्वितीया म्हणजे गती, दिशा. म्हणून अर्थ 'दूरवर असताना हाण' असा होत नाही, 'दूरच्या दिशेने हाण' असा होतो.

दुसरा वाद जास्त महत्त्वाचा. अलीकडचे अनेक जर्मन कोश अशी नावं 'मी' अध्याहृत धरून उलगडतात: '(मी) नांगराचा द्वेष करतो'. जुने अभ्यासक यांना आज्ञार्थी नावं म्हणत. माझ्या मते जुने बरोबर आणि नवे उगाच नाजूकपणा करतात. पुरावा एकाच आडनावात आहे: टूडिखुम. मेंदूच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारा आणि 1884 मध्ये 'स्फिंगोसिन' हा शब्द घडवणारा योहान लुडविग टूडिखुम याच आडनावाचा. फोड: टू, डिख, उम, 'हालचाल कर, चटचट आवर'. यातला 'डिख' म्हणजे 'तुला, स्वतःला'. वाक्य प्रथमपुरुषी असतं तर तिथे 'मिख' हवं होतं. नाव 'टूमिखुम' नाही. एखाद्याच्या तोंडी सतत असलेला किंवा त्याला सतत ऐकावा लागणारा हुकूम त्याचं नाव होऊन बसला, इतकं हे सरळ आहे. ब्लाइबट्रॉय, 'निष्ठावान राहा', हे दुसरं उदाहरण. सबळ क्रियापदाच्या आज्ञार्थाला जुन्या जर्मनमध्ये प्रत्यय नसे, प्रथमपुरुषाला ए असे. 'ब्लाइब' पुढे व्यंजन असूनही तो ए दिसत नाही.

'वाइट'च्या जागी दुसरे शब्द बसवायचे प्रयत्नही तपासून पाहू. निळा रंग देणारी एक वनस्पती मध्ययुगीन जर्मनमध्ये 'वेइट' म्हणून ओळखली जाई, म्हणून रंगाऱ्याचं नाव? नाही: ती पुल्लिंगी, मग ट आला असता कुठून? 'वाइडे' म्हणजे कुरण? लिंग जुळतं, पण स्वर जुळत नाही. मध्ययुगीन जर्मनचे दोन वेगळे स्वर, दीर्घ ई आणि एइ, आजच्या प्रमाण जर्मनमध्ये एकत्र येऊन 'आय' झाले. बव्हेरियन मात्र त्यांना वेगळं ठेवतं. जुन्या दीर्घ ई चा तिथे 'आय' होतो, जुन्या एइ चा 'ओआ'. बव्हेरियन लेखनिक हा फरक अक्षरांतही पाळत: पहिल्याला ई-आय, दुसऱ्याला ए-आय. कुरण दुसऱ्या गटातलं. नाव ई-आय ने लिहिलं जातं. कुरण बाद.

खरा प्रतिस्पर्धी एकच: 'वाइडे' म्हणजे वाळुंज, टोपल्या विणायला फोक देणारं झाड. लिंग स्त्री, स्वर जुना दीर्घ ई, शब्दान्ती ड चा उच्चार ट. ध्वनी आणि व्याकरण या दोन्ही कसोट्यांना हे उतरतं. 'वाळुंजावर घाव घाल', बुरुडाला शोभेल असं नाव. तरीही मला हे पटत नाही, कारण 'इन' आडवा येतो. झाड तोडायचं तर ते थेट कर्म होतं, हासेनप्फ्लूगमधल्या नांगरासारखं. दिशा दाखवणारं 'इन डी' लावून कुणी फोक तोडत नाही.

मग 'दूरवर हाण' म्हणजे तरी काय? प्रचलित उत्तर: हात-पाय पसरून तलवार किंवा सोटा फिरवणारा, मारकुटा. श्लागिनहाउफेनच्या शेजारी ते शोभतं. पण या क्रियापदाचा दुसरा अर्थ लोक विसरतात, आणि मला तोच इथे दिसतो. श्लागन म्हणजे नुसतं मारणं नव्हे. एखादी दिशा धरणं, वळणं, हाही त्याचा जुना अर्थ आहे. वाट धरणे याला जर्मनमध्ये 'आइनश्लागन' म्हणतात. पोरगं बापाच्या वळणावर गेलं तर ते बापाच्या मागे 'श्लागन' झालं असं म्हणतात. आपल्या 'वळण' शब्दात दिशा आणि स्वभाव जसे एकत्र नांदतात, तसेच तिथेही. माणसांच्या विशिष्ट घडणीला 'मेन्शनश्लाग' म्हणतात. आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे 'गेश्लेख्ट', कूळ, वंश: तोही याच धातूचा, एकाच वळणावर गेलेल्यांचा समूह. आडनावाचा पहिला तुकडा आणि कुळाचा शब्द सख्खे भाऊ निघाले. हाच धातू पलीकडे 'श्लाख्ट', म्हणजे लढाई, या शब्दात आणि इंग्रजीतल्या 'स्ले' व 'स्लॉटर'मध्ये रक्तबंबाळ होऊन बसला आहे.

म्हणून माझं वाचन: 'दूरची वाट धर'. पाय घरात न ठरणाऱ्याचं नाव. यावर एक आक्षेप घेता येतो: या अर्थाने क्रियापद बहुधा आत्मवाचक येतं, झुडपांत पसार होणे म्हणजे 'झिख इन डी ब्यूशे श्लागन', मग टूडिखुमसारखा इथे 'डिख' का नाही? उत्तर असं की 'बापाच्या मागे श्लागन' यात आत्मवाचक सर्वनाम लागत नाही, जुन्या भाषेत तर दिशेच्या अर्थाने त्याच्याविना चालतच असे. मध्ययुगीन कारागिरांत उमेदवारी संपवून 'गेझेले', म्हणजे शिकून तयार झालेला कारागीर, होताना नवं टोपणनाव मिळायची चाल होती, आणि गेझेलेने गावोगाव भटकून काम शिकायचं असे. 'दूरची वाट धर' हे नाव त्या जगात अगदी चपखल बसतं. लढवय्या मानणाऱ्यांनी 'वाइटे'चा, मोकळ्या दूरत्वाचा, हाणामारीशी संबंध आधी दाखवावा. घोळक्यात हाणता येतं. रिकाम्या अवकाशात कुणाला हाणणार?

वंशजांनी अर्थ खरा केला, हा पुरावा नव्हे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेर्मान, आडोल्फ आणि रोबेर्ट हे तिघे भाऊ 1854 च्या ऑक्टोबरात मुंबईला उतरले, पुण्यावरून दख्खन ओलांडत मद्रासला गेले. 1855 मध्ये आडोल्फ आणि रोबेर्ट गढवालच्या अबी गमिन शिखरावर 6,785 मीटरपर्यंत चढले, त्या काळचा उच्चांक. आडोल्फचा 1857 मध्ये काशगरला शिरच्छेद झाला. नावांच्या अभ्यासकाला त्यांच्या अहवालाचा तिसरा खंड (1863) विशेष जवळचा: त्यात भारत आणि तिबेटमधल्या स्थळनामांचा अर्थासह कोश आहे. आणि हेर्मानच्या नावाला 1864 मध्ये मिळालेली जोड तर आडनावाहून दुर्मिळ: झाक्यूनल्यून्स्की. रशियन 'झा' म्हणजे पलीकडे, मधे कुनलुन पर्वत, शेवटी स्की. 1829 मध्ये बाल्कन ओलांडणाऱ्या सेनापती डीबिचला रशियाने 'झाबाल्कान्स्की' केलं, त्याच साच्यातलं. 'दूरची वाट धर, कुनलुनपार' असं संपूर्ण नाव झालं.

आता विरळपणा. म्युलर म्हणजे गिरणीवाला. प्रत्येक गावात गिरणी, म्हणून हे आडनाव हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. वाक्यनाम मात्र बहुधा एकाच माणसावर एकदाच बसतं, आणि पुढचं सगळं एका वंशरेषेवर अवलंबून राहतं. वंशरेषा किती तकलादू असते याचं गणित गॉल्टन आणि वॉटसन यांनी 1874 मध्ये मांडलं. दर पुरुषामागे सरासरी एकच मुलगा नाव पुढे नेतो असं धरा, आणि मुलांची संख्या प्वासाँच्या नियमाने, म्हणजे योगायोगाच्या गणिताने, वाटा. पहिल्याच पिढीत नाव बुडण्याची शक्यता 37 टक्के, दुसऱ्या पिढीअखेर 53, तिसऱ्या 63, पाचव्या 73. पश्चिम जर्मनीत 1976 च्या सुधारणेपर्यंत कुटुंबाचं नाव नवऱ्याचंच असायचं, त्यामुळे मुलींकडून नाव वाचायची सोय नव्हती. उलट बाजूला दोन गोष्टींनी अशी नावं जपली: 1677 मध्ये बव्हेरियाने मनमानी नाव बदलायला बंदी घातली, आणि 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात नागरी नोंदणी आल्यावर वर्णलेखन गोठलं.

विरळपणा मोजायचा तर जर्मन अभ्यासक दूरध्वनी-नोंदी वापरतात. फ्रायबुर्ग आणि माइंझच्या विद्यापीठांनी केलेला जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह 2005 च्या घरगुती जोडण्यांवर उभा आहे. जोडणी घरटी एक, म्हणून माणसांचा अंदाज घ्यायला आकड्याला साधारण अडीच ते तीनने गुणायचं. आकडा दोन-अंकी असेल तर या गुणाकारावर फार विसंबू नये, एखाद-दुसरं मोठं घर सगळं गणित हलवतं. वर्णलेखनातले फरक वेगळे शोधून त्यांची बेरीज करायची: टी-डी, ई-आय आणि ए-आय, शेवटी डी-टी. आणि नकाशा काढताना कच्चे आकडे न घेता जिल्ह्याच्या लोकसंख्येशी प्रमाण काढायचं, नाहीतर प्रत्येक आडनाव बर्लिन, हांबुर्ग आणि म्यूनिकचंच भासतं. श्लागिंटवाइटच्या बाबतीत म्यूनिकचा ठिपका मोठा दिसला, तर तो नावाच्या उगमामुळे की निव्वळ शहराच्या आकारामुळे, हे प्रमाण काढल्यावरच कळतं.