अपघाताच्या रिपोर्टमधला हात

चि., अनेक आशीर्वाद.

रबाळ्याला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापण्या-दाबण्याच्या विभागात, सेफ्टीला लागलास हे कळलं, फार बरं वाटलं. अपघाताचा पहिला रिपोर्ट इंग्रजीत लिहायची वेळ येईल तेव्हा मी शेजारी नसेन, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपण खांद्यापासून नखापर्यंत सगळ्याला हातच म्हणतो. दंड मोडला तरी हात मोडला, मनगट मुरगळलं तरी हात मुरगळला. इंग्रजीतला 'हँड' मात्र मनगटापासून पुढे. मनगट ते कोपर 'फोरआर्म', कोपर ते खांदा 'अपर आर्म'. कामगार 'हात कापला' म्हणाला की लगेच 'हँड' लिहू नकोस, कुठे ते बघ. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याचा रिपोर्ट मी पाहिलाय. त्यात 'हँड इंजुरी' एवढंच होतं. डॉक्टरांच्या कागदावर डाव्या अनामिकेचं शेवटचं पेर. कागद जुळेनात, आणि तो गडी बँडेज बांधलेल्या हाताने फाइल सांभाळत भरपाईसाठी चकरा मारत राहिला. मला अजून त्या प्रकाराची चीड येते.

बोटांचं आणखी वेगळं. आपली बोटं पाच. भरपाईच्या हिशेबात अंगठा म्हणजे 'थम्ब' वेगळा धरतात, 'फिंगर' चारच. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेली यादी पाठ कर. अख्खा अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट धरतात. तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, अनामिका किंवा करंगळीला 7. एका हाताची चारही बोटं गेली तर 50, अंगठ्यासकट 60. यादीतला 'फॅलँक्स' म्हणजे आपलं पेर: अंगठ्याला दोन, बाकीच्यांना तीन. तर्जनीचं एक पेर गेलं तर 9, दोन गेली तर 11. नुसतं 'फिंगर' लिहिलंस तर 14 की 7, कोण ठरवणार? त्या आकड्यावर एका घराची चूल अवलंबून असते रे.

पेरासाठी काही जण 'नकल' लिहितात, ते चूक. मूठ वळल्यावर वर येतात ते सांधे म्हणजे 'नकल'. यादीत बोटाच्या शेंड्याचं 'गिलोटिन अ‍ॅम्प्युटेशन' वाचून दचकू नकोस. तिथे हाड शाबूत राहून बोटाचा शेंडा सरळ कापला गेला, एवढाच अर्थ.

डावा-उजवा लिहिताना जखमी माणसाचा डावा-उजवा. त्यालाच त्याच्या भाषेत विचार: कोणता हात, कोणतं बोट, कितवं पेर. इंग्रजी मागाहून.

आणि रिपोर्ट त्याहून मागाहून. आधी दवाखाना. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या गॉझमध्ये गुंडाळ, प्लास्टिकच्या पिशवीत बंद कर आणि ती पिशवी बर्फात ठेव. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नकोस, आणि पिशवी जखमी माणसाबरोबर, त्याच गाडीतून पाठव.

तुझा,
काका